विनोद दुआ : निर्वासितांच्या वस्तीतून आलेला प्रश्न

एखाद्या टीव्ही पत्रकाराची समीक्षा वाङ्मयीन वार्षिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. पडद्यावर बोललेला शब्द हवेत विरतो. त्याची आवृत्ती निघत नाही, त्याला प्रस्तावना नसते आणि पुस्तक उघडावे तसा तो पुन्हा उघडून पाहणेही सोपे नसते. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. गेल्या चाळीस वर्षांत मुसलमानांविषयी या देशात जे मत तयार झाले, ते कथा-कादंबऱ्यांनी कमी आणि पडद्याने जास्त घडवले, असे आम्हाला वाटते. आमच्या जगण्यावर सर्वाधिक परिणाम करणारी भाषा जर बातम्यांची असेल, तर तिची चिकित्सा करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम ठरते. या भाषेत विनोद दुआ (१९५४-२०२१) यांनी कोणती भर घातली आणि ते कुठे कमी पडले, एवढेच आम्हाला येथे तपासायचे आहे.

हे आम्ही अर्धापुरात बसून लिहितो आहोत. नांदेड-नागपूर रस्त्यावरचे, केळीच्या बागांचे हे गाव. येथल्या मुस्लिम घरात दखनी बोलली जाते, बाजारात आणि कचेरीत मराठी चालते, मदरशात उर्दूचा कायदा गिरवला जातो. ऐंशीच्या दशकात गावात टीव्ही आले, तेव्हा दिल्लीच्या बातम्यांमधली संस्कृतप्रचुर हिंदी घरातल्या वडीलधाऱ्यांना अर्धीमुर्धीच कळायची. 'काय म्हणाला?' असे शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारले जायचे. विनोद दुआ बोलू लागले की मात्र कुणी कुणाला अर्थ विचारत नसे. या साध्या अनुभवातच त्यांच्या कामाचे मर्म आहे, असे आज मागे वळून पाहताना वाटते. त्यांची भाषा आली कुठून, हे पाहायचे तर आधी त्यांच्या घराकडे जावे लागेल.

दोन स्थलांतरे

दुआ यांचे कुटुंब सराईकी बोलणारे, हिंदू. मूळ गाव डेरा इस्माईल खान. सिंधू नदीच्या पश्चिम काठावरचे हे शहर तेव्हा वायव्य सरहद्द प्रांतात होते. आज ते पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. १९४७ च्या फाळणीनंतर आईवडील दिल्लीत आले. विनोद यांचा जन्म ११ मार्च १९५४ चा, दिल्लीतला. बालपण निर्वासितांच्या वसाहतींमध्ये गेले. म्हणजे ज्या गावाच्या आठवणी घरात रोज निघत, ते गाव या मुलाच्या जन्माआधीच परक्या देशात गेले होते. पुढे हंसराज महाविद्यालयातून इंग्रजी साहित्याची पदवी आणि दिल्ली विद्यापीठातून एम. ए. असे त्यांचे शिक्षण झाले.

त्या दिल्लीचे चित्र ध्यानात घेतले पाहिजे. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले आणि त्याच दिल्लीतून तीन लाखांहून अधिक मुसलमान बाहेर पडले. येणाऱ्यांसाठी किंग्जवे कॅम्प होता. जाणारे पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात दिवस काढत होते. एकाच शहरात उलट्या दिशांनी निघालेल्या माणसांच्या छावण्या होत्या आणि दोन्हीकडच्या बायामाणसांच्या तोंडी घर, विहीर, दार, किल्ली हेच शब्द होते.

मराठवाड्याच्या वाट्याला फाळणी अशी आली नाही. आमचे साल १९४८. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईआधी रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते आणि कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर झालेले अत्याचारही तितकेच खरे होते. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून हैदराबाद संस्थानात फिरलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्या दिवसांत गाव सोडून हैदराबादेकडे गेलेली, काही काळाने परतलेली किंवा कधीच न परतलेली कुटुंबे आमच्या भागात घरोघरच्या बोलण्यात आहेत. 'निर्वासित' हा शब्द मात्र त्यांच्यासाठी आम्ही कधी वापरला नाही. तो आम्ही सिंधी आणि पंजाबी लोकांसाठी राखून ठेवला.

म्हणून निर्वासिताच्या मुलाचे चरित्र आम्ही परके म्हणून वाचू शकत नाही. विस्थापनाच्या आठवणीचे माणूस काय करतो, हा आमचाही प्रश्न आहे. ती आठवण भांडवल म्हणून वापरता येते. 'आमच्यावर अन्याय झाला, आता हिशोब चुकता करू', असे म्हणता येते. फाळणीत होरपळलेल्या वस्त्यांमधून असे राजकारण निघाले आणि मराठवाड्यातही दोन्ही बाजूंनी १९४८ चे भांडवल झाले. याउलट, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला, 'या माणसांचे काय?' असे विचारण्याचे बळही त्याच आठवणीतून मिळू शकते. सियालकोटहून आलेले कुलदीप नय्यर या वाटेने गेले. उर्दू वर्तमानपत्रातून सुरुवात केलेला हा पत्रकार पुढे वर्षानुवर्षे ऑगस्टच्या मध्यरात्री वाघा सरहद्दीवर मेणबत्त्या घेऊन जात राहिला. दुआ हे त्यांच्यानंतरच्या पिढीचे, पडद्यावरचे नाव. अमुक ठिकाणी जन्म झाला म्हणून अमुक विचार बनले, असे सोपे गणित आम्ही मांडत नाही. वाट निवडावी लागते. दुआ यांनी ती कशी निवडली, हे त्यांच्या कामातच शोधले पाहिजे.

प्रश्न कोणी विचारायचा?

नोव्हेंबर १९७४ मध्ये दूरदर्शनच्या 'युवा मंच' या कार्यक्रमातून दुआ प्रथम पडद्यावर आले. पुढच्याच वर्षी 'साईट' या नावाने ओळखला गेलेला उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचे कर्नाटक आणि आंध्र प्रदेश होते. याच काळात रायपूर, मुझफ्फरपूर आणि जयपूर भागातील तरुणांसाठी 'युवजन' हा कार्यक्रम दुआ यांनी सादर केला. काळ आणीबाणीचा होता आणि दूरदर्शन पूर्णपणे सरकारी होते. तेव्हा तेथे कुणी बंडखोरी केली असेल अशी अपेक्षा आम्ही करत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. या पत्रकाराचा आरंभीचा प्रेक्षक दिल्लीतला इंग्रजी वाचणारा माणूस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच टीव्ही पाहणाऱ्या दूरच्या जिल्ह्यांतल्या लोकांशी बोलता बोलता त्यांची भाषा तयार झाली.

१९८५ चा 'जनवाणी' हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिला मोठा टप्पा. सर्वसामान्य नागरिकांनी केंद्रीय मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारायचे, अशी कार्यक्रमाची कल्पना होती. आज ती साधी वाटेल. त्या वेळी मंत्री टीव्हीवर येत ते फीत कापण्यासाठी, पायाभरणीसाठी किंवा संदेश देण्यासाठी. खुर्चीत बसून उत्तर देणारा मंत्री प्रेक्षकाने तोवर क्वचितच पाहिला होता. 'जनवाणी'त दुआ यांनी स्वतःकडे घेतलेले काम महत्त्वाचे आहे. मुख्य प्रश्न त्यांचा नसे. प्रश्न विचारणाऱ्याला धीर देणे, प्रश्न भरकटला तर तो मूळ मुद्द्यावर आणणे आणि उत्तर टाळले गेले तर तसे लक्षात आणून देणे, हे त्यांचे काम. सूत्रसंचालक या शब्दातले सूत्र त्यांनी हातात ठेवले, खुर्ची मात्र सामान्य माणसाला दिली.

याच सुमारास, १९८४ पासून, निवडणूक निकालांच्या प्रदीर्घ प्रक्षेपणात प्रणय रॉय आणि विनोद दुआ ही जोडी देशाने पाहिली. रॉय इंग्रजीतून मतांचे कल आणि टक्केवारी समजावून सांगत आणि दुआ तेच क्षणार्धात हिंदुस्थानीत आणत. याला भाषांतर म्हणणे अपुरे आहे. 'स्विंग' म्हणजे काय, विरोधकांच्या ऐक्याचा जागांवर परिणाम कसा होतो, हे गावातल्या पारावर बसलेल्या माणसाला कळेल असे सांगायचे, तेही लिहून आणलेले काही हाती नसताना, हे मोठे कौशल्याचे काम होते. त्यातली एक खोच मात्र नजरेआड करता येत नाही. ज्ञान इंग्रजीत आणि समजूत हिंदीत, अशी ती वाटणी होती. आमच्याकडेही हेच घडते. तज्ज्ञ बोलतो एका भाषेत, त्याचे ओझे वाहतो दुसरी भाषा बोलणारा आणि मान बहुतेक वेळा पहिल्याला मिळतो. दुआ यांनी हे दुय्यम वाटणारे काम इतक्या सहजतेने केले की प्रेक्षकाच्या लेखी ते दुय्यम उरले नाही.

नावांची भाषा

दुआ यांच्या कार्यक्रमांची नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत. 'जनवाणी', 'परख', 'चक्रव्यूह', 'तस्वीर-ए-हिंद', 'चुनाव चुनौती', 'प्रतिदिन', 'खबरदार इंडिया', 'जायका इंडिया का', 'जन गण मन की बात'. सगळी नावे त्यांनी एकट्यानेच ठेवली असतील असे नाही. पण ती त्यांच्या तोंडी शोभली, हे तर खरेच. 'जनवाणी' आणि 'प्रतिदिन' संस्कृतातून आलेली. 'चक्रव्यूह' महाभारतातला. 'तस्वीर-ए-हिंद'ला फारसीची इजाफत आहे. 'परख' हा सोनाराच्या पेढीवरचा आणि बाजारातला शब्द. 'खबरदार' आणि 'जायका' हे दोन शब्द तर आमच्या दखनीत जसेच्या तसे आहेत. 'खबरदार' मराठीनेही कधीच आपला केला आहे. 'जन गण मन की बात' मध्ये राष्ट्रगीताची पहिली अक्षरे आहेत आणि पंतप्रधानांच्या ऑक्टोबर २०१४ पासून सुरू झालेल्या रेडिओ कार्यक्रमाला काढलेला चिमटाही आहे.

हीच ती हिंदुस्थानी, जिच्या एका टोकाला उर्दू आणि दुसऱ्या टोकाला हिंदी उभी आहे आणि जिला दोन्हीकडचे शुद्धतावादी आपली मानत नाहीत. घरात सराईकी, महाविद्यालयात इंग्रजी आणि पडद्यावर हिंदुस्थानी असा दुआ यांचा प्रवास होता. दखनी, मराठी आणि उर्दू यांच्यात येरझारा घालणाऱ्या आमच्या माणसाला ही घडण ओळखीची वाटते. मुस्लिम मराठी लेखकाला अजूनही विचारले जाते, 'तुमची मराठी इतकी चांगली कशी?' या प्रश्नात कौतुक कमी आणि अविश्वास जास्त असतो. भाषा जातीधर्माच्या मालकीची नसते, हे व्याख्यानातून सांगून पटत नाही. सरहद्द प्रांतातल्या हिंदू घरातला मुलगा 'तस्वीर-ए-हिंद' हे नाव स्वतःच्या घरातले असल्यासारखे उच्चारतो, तेव्हा ते न सांगता पटते.

'परख' दूरदर्शनवर १९९२ ते १९९६ या काळात चालले. साप्ताहिक वृत्तपत्रिकेचा हा घाट. १९८८ मध्ये दुआ यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती; म्हणजे प्रक्षेपण सरकारी आणि निर्मिती खासगी, असा त्या काळातला मधला मार्ग होता. ती वर्षे आठवावीत. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबई पेटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावे मातीत गेली. देशाचे गृहमंत्रीपद तेव्हा नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होते. चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या अजून यायच्या होत्या. आठवड्याच्या घडामोडी एका सलग सूत्रात, आवाज न चढवता मांडून दाखवणारा माणूस अशा काळात लोकांना हवा होता. १९९६ मध्ये पत्रकारितेतील उत्कृष्टतेचा गोएंका पुरस्कार दुआ यांना मिळाला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील पत्रकाराला तो प्रथमच दिला गेला. पुढे २००८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१७ मध्ये मुंबई प्रेस क्लबने जीवनगौरव पुरस्कार दिला.

ताटातला देश

'जायका इंडिया का' या एनडीटीव्ही इंडियावरील कार्यक्रमाकडे गंभीर समीक्षक वळत नाहीत. राजकारणाचा जाणकार ठेल्यावर उभा राहून कबाब खातो, यात बघण्यासारखे काय, असे त्यांना वाटत असावे. आम्हाला हा कार्यक्रम दुआ यांच्या राजकीय कार्यक्रमांइतकाच महत्त्वाचा वाटतो. येथे ते पंचतारांकित भटारखान्यात जात नाहीत. गल्लीत जातात, बाकड्यावर बसतात, तव्यासमोरच्या माणसाला नावाने हाक मारतात, हा धंदा किती पिढ्यांचा ते विचारतात आणि मग खातात. खाताना चेहऱ्यावर उपकाराचा भाव नसतो.

स्थलांतरित माणसाचे घर जाते, जमीन जाते. चव मात्र तो बरोबर नेतो. दिल्लीतल्या कितीतरी ढाब्यांची आणि मिठाईच्या दुकानांची मुळे फाळणीत उखडलेल्या गावांत आहेत. हैदराबादेकडे गेलेल्या आमच्या नातेवाइकांच्या घरी अजून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होते, ती याच कारणाने. खाणे म्हणजे माणसाचा जुना पत्ता असतो, हे दुआ यांना कळले होते.

त्या कार्यक्रमात मुसलमानाच्या दुकानात बसून मांस खाणारा हिंदू पत्रकार देशाने दिवाणखान्यात पाहिला आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. नंतरच्या वर्षांत खाणेच संशयाचे झाले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. कायद्याची चर्चा हा आजचा विषय नाही. पण डब्यात काय आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे रस्त्यावरच्या माणसाला वाटू लागले, त्या काळात 'जायका'चे जुने भाग पाहिले की काय हरवले ते ठळकपणे जाणवते.

उणिवा

दुआ यांना संत करून ठेवणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. पहिली उणीव अशी की, त्यांची राजकीय नजर शेवटपर्यंत दिल्लीची राहिली. शेतीमालाचा भाव, पाटाचे पाणी, जिल्हा परिषदेची शाळा हे प्रश्न त्यांच्या कार्यक्रमांत आले ते सरकारच्या धोरणाचे उदाहरण म्हणून. मराठवाड्यासारख्या भागाला त्यात स्वतःचा चेहरा फारसा सापडला नाही. ती पोकळी २००० नंतर मराठी वाहिन्यांच्या जिल्हा बातमीदारांनी काही अंशी भरून काढली.

दुसरी उणीव घाटाची आहे. 'जनवाणी'त सामान्य माणूस बोलत होता आणि दुआ बाजूला होते. 'द वायर'वरील 'जन गण मन की बात' मध्ये आणि पुढे एचडब्ल्यू न्यूजवरील 'द विनोद दुआ शो' मध्ये ते एकटेच बोलत राहिले. बोलणे नेमके, उपहास धारदार, माहिती पक्की. पण समोर कुणी नाही. ज्यांना ते आधीच पटलेले होते त्यांनी ते ऐकले, ज्यांना ऐकवायला हवे होते ते दुसरीच वाहिनी पाहत होते. याचा सगळा दोष त्यांना देता येणार नाही. मोठ्या वाहिन्यांनी प्रश्नाची जागाच काढून घेतली, तेव्हा इंटरनेटवर कॅमेऱ्यापुढे एकट्याने बसणे एवढेच हाती उरले. तरीही पहिल्या 'जनवाणी'तला मोकळेपणा नंतरच्या एकट्या आवाजात राहिला नाही, हे नोंदवणे भाग आहे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका चित्रपट दिग्दर्शिकेने १९८९ मधील प्रसंगाबाबत त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला. दुआ यांनी तो नाकारला आणि नाकारण्यासाठी आपलाच कार्यक्रम वापरला. आरोपाची शहानिशा करणे हे आमचे काम नाही. परंतु ज्याने आयुष्यभर खुर्चीतल्या माणसाला उत्तर द्यायला लावले, त्याच्यावर उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा समोरच्या बाईकडे तसा कॅमेरा नव्हता. 'जनवाणी'च्या मापाने मोजले तर हे कमी भरते. बाईच्या तक्रारीकडे 'समाजाची बदनामी' म्हणून पाहण्याची सवय आमच्यातही आहे. त्यामुळे आवडत्या माणसाबाबतही हे माप बदलता येत नाही, हे लिहून ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

रस्त्यावरची माणसे आणि राजद्रोह

३० मार्च २०२०. टाळेबंदी लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. शहरांतून मजूर पायी गावाकडे निघाले होते. डोक्यावर बोचके, काखेत मूल, पुढे किती अंतर उरले याचा पत्ता नाही. त्या दिवशीच्या कार्यक्रमात दुआ टाळेबंदीच्या तयारीविषयी, चाचण्यांविषयी, सामग्रीच्या तुटवड्याविषयी आणि या मजुरांविषयी बोलले. निर्वासितांच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पुन्हा रस्त्यावरचे तांडे पाहिले आणि सरकारला विचारले की यांचे काय. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा सारांश या एका भागात सापडतो.

६ मे २०२० रोजी सिमला जिल्ह्यातील कुमारसेन पोलीस ठाण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. बरोबर दोन दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. हे आमच्या मराठवाड्यात घडले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. या दोन घटनांचा कायद्याच्या दृष्टीने काही संबंध नाही. पण जो प्रश्न विचारणे गुन्हा ठरवले जात होते, त्याचे उत्तर करमाडच्या रुळांवर पडलेले होते.

त्याच आठवड्यांत बहुतेक वाहिन्या दुसऱ्याच कामात गुंतल्या होत्या. तबलिगी जमातीच्या निमित्ताने साथीला एका धर्माचे नाव दिले गेले. नांदेड-लातूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या माणसांना नाव विचारले जाऊ लागले, ते पडद्यामुळे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील प्रकरणांत २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे न्यायालयाने नमूद केले. ज्या वाहिन्यांनी महिनोन्‌महिने तो प्रचार केला, त्यांनी या निकालाला किती वेळ दिला, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. एकाच वसंतात, एकाच माध्यमात, एक पत्रकार सत्तेला प्रश्न विचारत होता आणि बाकीचे दुबळ्या समाजाला जाब विचारत होते. टीव्ही पत्रकारितेची समीक्षा करताना आम्हाला याहून वेगळी कसोटी लागत नाही.

निकाल आणि आम्ही

१४ जून २०२० हा रविवार. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी खास बसून दुआ यांना अटकेपासून संरक्षण दिले. ३ जून २०२१ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने गुन्हा रद्द केला. दुआ यांचे बोलणे ही सरकारच्या कारभारावरची नापसंती होती, परिस्थिती लवकर सावरली जावी हा त्यामागचा हेतू होता, हिंसेला चिथावणी त्यात नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाचे संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे, हेही स्पष्ट केले.

या निकालाचे स्वागत झाले ते योग्यच. त्याच्या दुसऱ्या भागाची चर्चा मात्र कमी झाली. दहा वर्षे काम केलेल्या पत्रकारावर थेट गुन्हा नोंदवू नये, आधी एखाद्या समितीने प्रकरण तपासावे, अशी दुआ यांची मागणी होती. ती न्यायालयाने फेटाळली. तसे करणे म्हणजे कायदेमंडळाच्या क्षेत्रात शिरणे होईल, असे कारण दिले. म्हणजे संरक्षण मिळते ते न्यायालयात पोचल्यावर. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचण्याइतके नाव, पैसा आणि वकील दुआ यांच्याकडे होते. तालुक्याच्या गावात मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या पोराकडे यांतले काहीच नसते. तो पोरगा आडनावाने शेख किंवा पठाण असेल तर आणखी एक अडचण वाढते. पुढे ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे. शब्द गेला, धास्ती गेली नाही.

निकाल लागल्यावर काही दिवसांतच दुआ यांच्या पत्नी पद्मावती ऊर्फ चिन्ना कोविडने गेल्या. त्या डॉक्टर होत्या, गाणाऱ्या होत्या. ४ डिसेंबर २०२१ रोजी दुआही गेले. वडिलांच्या मृत्यूची बातमी देताना मुलगी मल्लिका यांनी ते दिल्लीच्या निर्वासित वसाहतींतून वर आल्याचा उल्लेख आवर्जून केला. पंचाहत्तर वर्षांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशात, फाळणीनंतरच्या तिसऱ्या पिढीलाही तो पत्ता सांगावासा वाटला.

आज अर्धापूरच्या बसस्थानकाजवळ चार-दोन तरुण हातात मोबाइल आणि स्वतःच्या यूट्यूब वाहिनीचे नाव लिहिलेला माईक घेऊन फिरताना दिसतात. त्यांत आमची मुलेही आहेत. त्यांची भाषा मराठी, मध्येच दखनी. उच्चार कच्चे, उत्साह दांडगा. बहुतेक वेळा ते पुढाऱ्याच्या वाढदिवसाची बातमी करतात, कारण जाहिरात तिथून मिळते. कधीमधी एखादा जण विमा न मिळालेल्या केळी बागाईतदाराला घेऊन तहसील कचेरीच्या दारात जातो, माईक शेतकऱ्याच्या हातात देतो आणि साहेबांना म्हणतो, 'यांना काही विचारायचं आहे.' त्याने 'जनवाणी' पाहिलेला नाही. विनोद दुआ हे नावही कदाचित ऐकलेले नाही. ते त्याला सांगावे, एवढ्यासाठी आम्ही हे लिहिले.